भुईरिंगणी आणि दातातला किडा



आज एका काटेरी झुडपाबद्दल लिहिते आहे. खरं तर लिहिणार होते चौथीच्या परिसर अभ्यासातल्या एका कृतीबद्दल. पण ती कृती जशी ठरवली तशी झालीच नाही, आणि जे झालं त्यात माझी एक चूक आहे. तीही लिहिते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातून ती होत असेल.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादकडे जाताना जो कोरडा, मुरमाड पट्टा लागतो त्यातली. मैदान कसलं, माळच आहे. वर चार बोटं माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. आपल्या जिल्ह्यात पाऊस साधारण सातशे मिलीमीटर, तोही सगळा चार महिन्यांत. त्यामुळे दिवाळी झाली की मैदानावरचं गवत पिवळं पडतं आणि संक्रांतीपर्यंत बकऱ्या उरलंसुरलं साफ करतात. मग हिरवं काय राहतं? कुंपणाशी रुई, नाल्याच्या कडेला तरवड आणि जमिनीला चिकटून पसरलेली भुईरिंगणी.

२६ जानेवारी जवळ आली होती. कवायतीसाठी मैदान साफ करायचं होतं. मुलं अनवाणी पळतात, रिंगणीचे काटे पायात मोडतात, म्हणून मीच पालकांना सांगून सगळी रिंगणी खुरप्याने काढून घेतली. त्याच आठवड्यात मुलांना घरचा अभ्यास दिला होता : 'घराच्या आसपास आढळणाऱ्या पाच वनस्पतींची पानं, फुलं किंवा फांद्या आणा आणि त्यांचा उपयोग विचारून या.' दुसऱ्या दिवशी तुळस आली, कडुनिंब आला, कोरफड आली, गवती चहा आला. एका मुलीने मात्र रिंगणीची वाळत आलेली फांदी आणली, पिवळ्या फळांसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. कागद उघडताना शेजारच्या मुलाच्या बोटात काटा घुसला. रक्त आलं. मी म्हणाले, "हे कशाला आणलंस? कालच मैदान साफ केलंय ना आपण?" आणि फांदी उचलून खिडकीतून कुंपणापलीकडे टाकली.

ती एवढंच म्हणाली, "औषधाची हाय मॅडम ती. दाताच्या." मी 'बरं बरं, बस' म्हणून पुढच्या मुलाची तुळस बघायला लागले.

ती ते का म्हणाली, हे मी विचारलं नाही. ही माझी चूक.

दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा डावा गाल सुजलेला. तिचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले; ती आणि तिचा लहान भाऊ आजीजवळ असतात. दुपारी आजी तिचा डबा घेऊन आली तेव्हा कळलं ते असं. मुलीची दाढ पंधरा दिवसांपासून दुखत होती. आजीने रिंगणीच्या बियांची धुरी दिली. दोन-तीन किडे पडले. ठणका थांबला. फांदी शाळेत आणली ती त्यातलीच. मग अचानक गाल सुजला.

"अजून एखादा किडा आत राह्यला असंल," आजी म्हणाली. "आज पुन्हा धुरी देते."

मी त्यांना लगेच 'असं काही नसतं' म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हा नीट सांगताच आलं नसतं. किडे पडले, ते आजीने डोळ्यांनी पाहिले, मुलीनेही पाहिले. मग ते काय होते? त्या रात्री मी रिंगणीबद्दल जमेल तेवढं वाचायला बसले. आधी ती वनस्पती सांगते, मग किड्याकडे वळू.

भुईरिंगणीला कुणी काटेरिंगणी म्हणतं, कुणी नुसतीच रिंगणी. उंच वाढणारी तिची बहीण ती डोरली किंवा मोठी रिंगणी, ती वेगळी. भुईरिंगणी नावाप्रमाणे भुईला धरून चक्राकार पसरते. पानं वांग्याच्या पानासारखी पण कडांना खोल कातरलेली. खोडावर, पानाच्या दोन्ही बाजूंच्या शिरांवर, इतकंच काय फुलाच्या हिरव्या निदलांवरसुद्धा काटे. सरळ, पिवळसर, चकचकीत. धरायला जागा म्हणून ठेवलेली नाही. संस्कृतात तिला कंटकारी म्हणतात, व्याघ्री म्हणतात, आणि मला सगळ्यांत आवडलेलं नाव म्हणजे दुःस्पर्शा, हात लावायला अवघड अशी. मुलांना हे नाव फळ्यावर लिहून फोड करायला दिलं. दुः आणि स्पर्श. 'दुष्काळ', 'दुर्दैव', 'दुर्गंध' हे शब्द त्यांनीच काढले. भाषेचा तास परिसर अभ्यासात असा घुसला की मला बरं वाटतं.

शास्त्रीय नावाची गंमत आणखी आहे. लिनियसने १७५३ साली तिला नाव दिलं सोलॅनम व्हर्जिनियानम, म्हणजे व्हर्जिनियाची. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाशी या झाडाचा काही संबंध नाही, हे तर आपल्या कोरड्या आशियातलं झाड. पण नामकरणाचा नियम असा की आधी दिलेलं नाव टिकतं, मग ते चुकीच्या पत्त्याचं का असेना. पुढे १७६८ मध्ये बर्मन नावाच्या शास्त्रज्ञाने तिला सुरतेवरून सुरात्तेन्से म्हटलं. आणखी कुणी झँथोकार्पम म्हटलं, म्हणजे पिवळ्या फळांची. आयुर्वेदाच्या पुस्तकांत ही तीनही नावं सापडतात आणि वाचणाऱ्याला वाटतं तीन झाडं आहेत. झाड एकच. मराठवाड्यातल्या वनस्पतींबद्दल ज्यांना मुळातून वाचायचं असेल त्यांनी व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) हा दोन खंडांचा ग्रंथ ग्रंथालयात शोधावा. इंग्रजीत आहे, पण आपल्याच शहरात बसून, आपल्याच माळांवर फिरून केलेलं काम आहे.

ही वर्षायू नाही, बहुवर्षायू आहे. म्हणजे काय, हे मुलांना कळत नाही. 'अनेक वर्षं जगणारी' हे पाठ होतं पण डोळ्यांपुढे काही येत नाही. मी विचारलं, "पाऊस संपल्यावर गवत का मेलं आणि रिंगणी का नाही मेली?" एक जण म्हणाला, काटे आहेत म्हणून बकरी खात नाही. बरोबर, पण अर्धं. बकरीने न खाल्लेलं गवतही वाळलंच होतं की. मग आम्ही कुंपणाबाहेरची एक रिंगणी खुरप्याने सावकाश उकरायला घेतली. वीतभर खाली गेलो, मूळ करंगळीएवढं जाड. दीड वीत गेलो, तरी मूळ खालीच. पुढे मुरमात खुरपं चालेना, म्हणून सोडून दिलं. मुलांनी मुळाला हात लावून पाहिला, लाकडासारखं कडक. वर एवढीशी पसरट चटई आणि खाली हे. वरचं कुणी खुरपलं तरी खालून पुन्हा फुटायची सोय. 'बहुवर्षायू' हा शब्द मला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

फुलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते आपण कुणी नीट बघतच नाही. जांभळं, पाच पाकळ्या खालून जोडलेल्या, ताऱ्यासारखी. मधोमध पिवळ्याजर्द पाच परागकोशांचा उभा जुडगा. मुलांना विचारा, हे फूल आणखी कुठे पाहिलंय? शेतकऱ्याची पोरं लगेच सांगतात : वांग्याचं! टोमॅटोचंही असंच, पण पिवळं. बटाट्याचंही. मिरची, तंबाखू आणि धोतरासुद्धा याच कुळातले. या यादीत एक कोडं आहे. वांगं आपल्या बाजूचं, आणि बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखू हे सगळे अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळापासून इकडे आलेले. म्हणजे दौलताबादचा किल्ला यादवांनी बांधला तेव्हा या माळावर रिंगणी होती, पण खालच्या गावात कुणाच्या घरी मिरचीचा ठेचा नव्हता. हे सांगितल्यावर वर्गात शांतता पसरली. ठेच्याशिवाय भाकरी? मग तिखट काय खायचे? काळी मिरी, पिंपळी, सुंठ, असं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

तर फूल. बहुतेक फुलांत परागकोश उभा चिरतो आणि पराग बाहेर सांडतो. रिंगणीत तसं होत नाही. तिच्या प्रत्येक परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. पराग आतच राहतो. मधही नाही. मग कीटकाने यायचं कशाला? येतो तो भुंगा. फुलाला पायांनी घट्ट धरतो आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो. त्या थरथरीने भोकातून पराग उडून त्याच्या पोटावर पडतो. त्या वेळी भुंग्याचा आवाजही बदलतो, नेहमीच्या गुणगुणीपेक्षा तीक्ष्ण होतो. आपल्या पोळ्यातल्या मधमाशीला ही थरथर जमत नाही. वांग्याचं आणि टोमॅटोचं तंत्र असंच आहे. फरक एवढाच की त्यांचं फूल वाऱ्याने हललं तरी थोडंफार फळतं, पण भुंगा आला तर जास्त.

हे वर्गात दाखवता येतं. आमच्या सातवीच्या सरांकडून नादकाटा मागून घेतला. पूर्ण उमललेलं फूल देठासकट (चिमट्याने!) काळ्या कागदावर उलटं धरायचं, नादकाटा रबरावर आपटून त्याची थरथरती भुजा परागकोशांना हळूच टेकवायची. कागदावर पिवळसर पीठ पडतं. नुसतं फूल हलवलं तर जवळजवळ काहीच पडत नाही. आधी नुसतं हलवून दाखवा, मग नादकाटा लावा. क्रम उलटा केला तर मजा जाते. रिंगणीचं फूल नाही मिळालं तर वांग्याचं चालतं. नादकाटा नसेल तर मला सुचलेलं नाही, कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

फळ गोटीएवढं. कच्चं असताना हिरवं आणि त्यावर पांढऱ्या रेघा, अगदी छोटं कलिंगडच. पिकलं की पिवळं. आत चपट्या, गुळगुळीत, भरपूर बिया. पालकांना इथे स्पष्ट सांगते : हे फळ खायचं नाही. हिरव्या पडलेल्या बटाट्यात जी कडू विषारी द्रव्यं असतात त्याच गटातली द्रव्यं यात आहेत. लहान मुलाला ते छोटा टोमॅटो वाटू शकतं. आयुर्वेदात कंटकारी मोठी मानाची आहे, दशमुळांतली एक. शालिपर्णी, पृश्निपर्णी, बृहती, कंटकारी आणि गोक्षुर हे लघुपंचमूळ. खोकला आणि दम्यावर तिचा अवलेह देतात. पण ते वैद्याने, मोजून. यूट्यूब बघून घरी काढा करून लेकराला पाजायचा नाही. एवढं बोलून हा विषय सोडते, वनौषधींवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत.

आता किडा.

दाताच्या किड्याची समजूत आपल्या आजीपुरती नाही. बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर दाताच्या किड्याचा मंत्र कोरलेला सापडला आहे. युरोपातही शेकडो वर्षं लोक हेच मानत. आणि तिथेही उपाय हाच : धुरी. बिया मात्र वेगळ्या, आपण ज्याला खुरासानी ओवा म्हणतो त्याच्या. ते झाडसुद्धा वांग्याच्याच कुळातलं! इथे मी वाचता वाचता थांबले. इतक्या लांबच्या दोन ठिकाणी, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या लोकांनी, एकाच कुळातल्या बियांचा धूर दातासाठी निवडावा आणि दोघांनाही पांढरे किडे दिसावेत?

उत्तर बीच्या आत आहे. हरभरा भिजवून सोलला की आत दोन डाळी आणि मध्ये टोकदार अंकुर दिसतो, हे आपण सगळेच दाखवतो. वांग्याच्या कुळातल्या बियांत अंकुर असा नसतो. तो पांढरा, बारीक, लांब आणि वाकडा असतो, वेटोळं घालून बसलेल्या अळीसारखा. खुरासानी ओव्याची बी निखाऱ्यावर तापली की फुटते आणि तो अंकुर बाहेर फेकला जातो, धुराबरोबर उडतो आणि खालच्या पाण्यात पडतो. लोकांना वाटतं दातातून पडला. युरोपातल्या जाणत्यांनी ही गोष्ट ओळखली होती. पुढे १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात लिहिलं की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्याला किडलेल्या दातात किडे सापडले नाहीत. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात झिजवतं, हे मिलर या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडलं.

आणि आपण मराठीत आजही काय म्हणतो? दात किडला. दाताला कीड लागली. मीही वर्गात हेच शिकवत आले, 'चॉकलेट खाल्लं की दात किडतात'. नऊ वर्षांच्या मुलाने त्याचा अर्थ काय घ्यावा? ज्वारीला कीड लागते तेव्हा त्यात खरोखर अळी असते. मग दाताला का नसावी? आजी चुकीचं बोलत होती असं म्हणायचं तर माझा फळासुद्धा तेच बोलत होता. आता मी 'दाताला खड्डा पडतो' असं म्हणते. फार सुंदर शब्द नाही, पण त्यात अळी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजीला शाळेत बोलावलं. वर्गात नाही, वऱ्हांड्यात. मुलांसमोर त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. त्या नातीचं दुखणं रात्र रात्र जागून काढत होत्या, आणि मी तर तिची फांदी फेकून दिली होती. रात्रीच थोड्या बिया पाण्यात भिजवून ठेवल्या होत्या. भिंग, दोन सुया आणि काळ्या कागदाचा तुकडा. मी बीचं साल सुईने सोललं. तीन बिया वाया गेल्या, माझे हात थरथरत होते. चौथीत जमलं. पांढरा, वाकडा, केसाएवढा अंकुर काळ्या कागदावर पडला. मी काही बोलले नाही. भिंग आजीच्या हातात दिलं.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मग म्हणाल्या, "असलेच पडत्यात."

थोड्या वेळाने, "मंग पोरीच्या दाढंत काय हाय?"

आम्ही दोघींनी तिला उजेडात उभं करून तोंड उघडायला लावलं. खालच्या बाजूची डावी दाढ, मध्ये काळा खड्डा. आजी म्हणाल्या, "दुधाचीच हाय, पडून जाईल आपोआप." इथे पालकांनी कृपया थांबून वाचावं, कारण हे मलाही माहीत नव्हतं. ती दुधाची नव्हती. मुलांना सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळतच नाही की कायमची दाढ आली. ओळखायची कशी? पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूने मोजत जा, सहावी जी असेल ती. ती किडली (बघा, हाच शब्द पुन्हा आला), ती गेली, तर परत येत नाही. सत्तर वर्षं भाकरी चावायची ती दाढ आपण 'दुधाची आहे' म्हणून सोडून देतो.

मग धुरीने ठणका का थांबला होता? खड्डा खोल जात जात दातातली नस मेली की दुखणं काही दिवस थांबतं. आपल्याला वाटतं बरं झालं. खरं तर पू हाडाकडे उतरायला लागलेला असतो. गालाची सूज म्हणजे तेच. धुरी त्या वेळेला दिली गेली एवढंच. श्रेय तिला मिळालं.

वडिलांना फोन लावला. ते उसाच्या फडात होते, आवाज तुटत होता. "मॅडम, आई म्हनंल तसं करा," म्हणाले. आजीने दोन मिनिटं पदर तोंडाला लावून विचार केला आणि विचारलं, "घाटीत किती पैसं लागत्यात?" दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून दोघींना घेऊन शहरात शासकीय दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. खर्च अगदी किरकोळ झाला, एसटीचं भाडं त्याहून जास्त. सूज उतरायला आधी गोळ्या दिल्या, मग दाढ आतून साफ करून भरली. चार फेऱ्या झाल्या. दाढ काढावी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काढावीच लागली असती. फांदी फेकली त्या दिवशीच विचारलं असतं तर ते तीन दिवस वाचले असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून आपल्या शाळांत येतं, दातही बघतं. पण वर्षातून एकदा. मधल्या काळात बघणारे आपणच. मी आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दप्तराविना दिवशी 'सहावी दाढ मोजणे' घेते. मुलं एकमेकांच्या तोंडात बॅटरी मारून मोजतात, वहीत लिहितात. पहिल्याच वेळी चौथीच्या एकोणीस मुलांत सहा जणांच्या सहाव्या दाढेला काळं दिसलं. त्या सहाही घरी चिठ्ठी दिली. तिघे जाऊन आले, तिघे अजून नाहीत. पाठपुरावा चालू आहे.

वर्गातल्या पाठाचं काय झालं, तर तो मी पुन्हा घेतला, पण आजीचं नाव न काढता. भिजवलेल्या वांग्याच्या बिया दिल्या, रिंगणीच्या नाही, सुयाही बोथट. वांग्याच्या बीतही तोच वाकडा अंकुर दिसतो. मुलांना फक्त एक प्रश्न विचारला : "समजा कुणी म्हणालं की धुराने दातातून किडे पडतात. ते खरं आहे की नाही, हे कसं ओळखाल?" वर्गात निखारा, धूर काही करायचं नव्हतं, नुसता विचार करायचा होता. एक म्हणाला, डॉक्टरला विचारू. दुसरा म्हणाला, पुस्तकात बघू. मग ती मुलगी, गालाची सूज उतरलेली, हात वर करून म्हणाली, "मॅडम, माणूस बसवायचाच नाही. नुसतंच पाण्यावर धूर सोडायचा. तरी पडले तर दातातले नाहीत."

माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत 'नियंत्रित प्रयोग' हा शब्द मी पाठ केला होता. तो असा सोपा करून सांगायला मला नसतं जमलं.

आजी अजून रिंगणी आणतात. मागच्या महिन्यात मला खोकला झाला होता तर सुकवलेल्या मुळ्या पुडीत बांधून दिल्या, 'वैद्याला इचारून घ्या' असं बजावून. कोरड्या रानातलं हे झाड त्यांनी आयुष्यभर ओळखलं, कुठे सापडतं, कधी फळतं, मूळ कधी काढायचं. त्यातली एक गोष्ट चुकली म्हणून बाकीचं खोटं होत नाही. मुलांना 'उपयोग विचारून या' असं सांगतो तेव्हा आपल्याला फक्त तुळस आणि कोरफडच हवी असते का, हे मी स्वतःला विचारते आहे.

आणि मैदानावरची रिंगणी? जानेवारीत आम्ही ती खुरप्याने मुळापाशी कापली होती. मार्च संपता संपता, ऊन चाळीसला टेकलेलं असताना, त्याच जागी पाच ठिकाणी फुटवे आले. चार मी काढायला सांगितले, कारण मुलं अनवाणी पळतात हे खरंच आहे. पाचवा हातपंपामागच्या कोपऱ्यात आहे, तिथे कुणी जात नाही. मुलांनी त्याच्याभोवती दगडांचं रिंगण केलंय. काल त्याला दोन कळ्या होत्या.